पोरीला म्युझिकला घालू का?

बारावीचा निकाल लागला की आमच्या स्टुडिओत गाण्याशी काही देणंघेणं नसलेली माणसंही यायला लागतात. स्टुडिओ म्हणजे पलूसमध्ये कराड-तासगाव रस्त्याला लागून, खताच्या दुकानावरची एक खोली. भिंतींना फोम, दोन माइक, एक कीबोर्ड, आणि खाली ट्रॅक्टर येऊन थांबला की टेक बंद. येणारा बहुतेक ओळखीचाच असतो. कुणी द्राक्षबागायतदार, कुणी किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातला, कुणी हायस्कूलचे सर. मागं मुलगी नाहीतर मुलगा खाली मान घालून उभा. चहा होतो, पाऊसपाणी होतं आणि मग विषय निघतो. "दादा, ही म्हणतीया बीए म्युझिक करणार. घालू का? पुढं काय खाणार ही?"

मी म्हणतो, घाला. पण प्रश्न चुकीचा नाही आणि तो विचारणारा बाप अरसिकही नाही. आमच्याकडं द्राक्षाची काडी लावायच्या आधी माणूस वाण कुठला, माल कुठल्या बाजारात जाणार, बेदाणा करायचा झाला तर शेड कुणाचं, हे सगळं विचारतो. तोच माणूस पोरीच्या तीन-चार वर्षांबद्दल हेच विचारतो तेव्हा त्याला उत्तर मिळत नाही. मी सोडा, ज्या महाविद्यालयात प्रवेश घ्यायचा तिथंही मिळत नाही.

मला विचारावं असं माझ्याकडं तरी काय आहे? विद्यापीठाची संगीताची पदवी नाही. गांधर्वच्या परीक्षा देऊन विशारद झालो आणि बीकॉम केलं. ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवला, भजनी मंडळांना पेटीची साथ केली, आता लोकांची गाणी रेकॉर्ड करतो. विशारदमुळं बोटात सूर आला, हे खरं. पण संगीतावर घर चालवताना बीकॉम जास्त कामाला आलं, हेही तितकंच खरं. मानधनातून दहा टक्के टीडीएस कापला तर तो विवरणपत्र भरून परत मागता येतो, हे माझ्याबरोबर वाजवणाऱ्या कितीतरी गुणी माणसांना ठाऊक नव्हतं. कापलं ते गेलं, असं समजून ते पुढच्या सुपारीला लागायचे. संगीत शिकायला विद्यापीठात जाणाऱ्या पोरांना संगीताचा व्यवहार शिकायला दुसरीकडं का जावं लागतं, एवढीच माझी तक्रार आहे.

ही तक्रार पलूसच्या माणसानं करावी याला कारण आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांचा जन्म 1872 चा, कुरुंदवाडचा. पण आडनाव आमच्या गावाचं. घराणं मूळचं गाडगीळ, पलूसला राहिले म्हणून पलुसकर झाले. लहानपणी फटाक्यानं डोळे अधू झाले, शाळा थांबली आणि मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं गाणं सुरू झालं. आमच्याकडं त्यांचा फोटो पूजेला असतो. हार घातला जातो, पुण्यतिथीला गाणं होतं. पण या माणसानं केलं काय, ते फोटोपुढं उभं राहून कुणी नीट सांगत नाही.

त्यांनी संस्थानिकाचा आश्रय सोडला आणि तिकीट लावून जाहीर मैफली केल्या. 5 मे 1901 ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. कुठल्या राजाच्या खजिन्यातून नाही, लोकांच्या पैशावर. वर्ग, अभ्यासक्रम, परीक्षा, पदवी असं सगळं त्यात होतं. स्वतःची स्वरलिपी बसवली आणि तिच्यात क्रमिक पुस्तकं छापली. संगीताचं मासिक चालवलं. वाद्यं दुरुस्त करण्या-बनवण्याची सोय केली. पुढं जाऊन शिकवतील अशा पोरांसाठी उपदेशक वर्ग काढला. राहणं-जेवण संस्थेत आणि नऊ वर्षं शिकण्याचा करार. म्हणजे प्रकाशन, वाद्यनिर्मिती, शिक्षक-प्रशिक्षण, जाहीर कार्यक्रम असं सगळं एका छपराखाली. आज ज्याला संगीतातलं करिअर म्हणतात त्याची सव्वाशे वर्षांपूर्वीची ही मांडणी आहे. आणि ती करणारा माणूस जवळजवळ आंधळा होता.

त्या वर्गांतून बाहेर पडलेल्यांनी काय केलं तेही बघण्यासारखं आहे. ओंकारनाथ ठाकूर 1950 ला बनारस हिंदू विद्यापीठाच्या संगीत महाविद्यालयाचे प्रमुख झाले. नारायणराव व्यासांच्या ध्वनिमुद्रिका घरोघर गेल्या. मिरजेचे विनायकराव पटवर्धन गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांबरोबर नट म्हणून उभे राहिले, 1932 ला पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढलं आणि रागांवर ग्रंथ लिहिले. आणि माझे सगळ्यांत लाडके बी. आर. देवधर. तेही मिरजेचेच. पलुसकरांकडं गाणं शिकले, शिवाय बीए झाले, शिवाय मुंबईत स्क्रिन्झी नावाच्या इटालियन गृहस्थाकडं पाश्चात्त्य संगीत शिकले. 1925 ला स्वतःची शाळा काढली, चित्रपटांना संगीत दिलं, 'संगीत कला विहार' मासिकाचं संपादन केलं, आणि कुमार गंधर्वांना घडवलं ते वेगळंच. एकाच कामावर पोट नाही, एकाच काळात पाच कामं. आज मुंबईत स्टुडिओ, क्लास, कार्यक्रम आणि यूट्यूब यांच्यामध्ये पळणाऱ्या पोराला देवधरमास्तरांचं आयुष्य लगेच ओळखीचं वाटेल.

तानसेन नाही तरी कानसेन घडवेन, असं पलुसकर म्हणत, हे सगळ्यांना पाठ आहे. विद्यापीठांनी त्यातलं कानसेन तेवढं उचललं. गाणं समजणारा, रागांची तुलना करणारा, दहा थाट सांगणारा विद्यार्थी तयार करायचा. त्यात गैर काही नाही. पण उपदेशक वर्ग विसरला, छापखाना विसरला, वाद्यांचं काम विसरलं. बीएच्या संगीताचा अभ्यासक्रम काढून बघा. राग, ताल, बंदिशी, घराण्यांचा इतिहास, भातखंडे लिपी आणि पलुसकर लिपी, तोंडी परीक्षा, मंचप्रदर्शन. काही ठिकाणी अलीकडं ध्वनिमुद्रणावर एखादा पेपर आलाय, पण तोही बहुतेक लिहूनच द्यायचा.

आता या शिक्षणातून आलेली पोरं माझ्या खोलीत येतात तेव्हा काय होतं ते सांगतो. एक मुलगी आली होती. एमए संगीत, आवाज असा की मी माइक लावायचा विसरून ऐकत बसलो. तिला संतरचना रेकॉर्ड करायची होती. कानाला हेडफोन लावला, त्यात क्लिक सुरू केला आणि तिचं गाणं लडखडलं. समोर तबलजी नाही, ठेका श्वासाबरोबर हलत नाही, स्वतःचाच आवाज कानात मोठ्यानं येतोय. मला कोरा तानपुरा द्या, म्हणाली. दिला, अप्रतिम गायली. पण बाकीची वाद्यं तिच्यावर कशी बसवायची? दोन ओळींत लय कुठच्या कुठं गेलेली. त्याच आठवड्यात बँड पथकातला एक पोरगा ढोलकी द्यायला आला. शिक्षण दहावीपर्यंतही नाही. हेडफोन घातला, मान हलवली, एका टेकमध्ये दोन गाणी संपवून वरातीला गेला. मुलगी कमी नव्हती, पोरगा थोर नव्हता. त्याला ते काम रोज पडतं, तिला पाच वर्षांत कुणी एकदाही हेडफोन लावून उभं केलं नव्हतं.

अशा गोष्टी बारीक वाटतात, पण सगळी कमाई त्यांच्यावरच उभी असते. आपली पट्टी काळी चार हे तिला माहीत. मुंबईहून ट्रॅक पाठवणारा जी शार्प म्हणतो, तेव्हा गडबड. गाण्याची फाइल 44.1 वर, व्हिडिओवाल्याला 48 वर हवी, हे गावातल्या लग्नाचं शूटिंग करणाऱ्या पोराला कळतं, संगीताच्या पदवीधराला नाही. 'सैराट'च्या गाण्यांवर आमचा अख्खा तालुका नाचला. त्या चित्रपटासाठी अजय-अतुलनी लॉस एंजेलिसला जाऊन तिथल्या वादकांकडून सिंफनी वाजवून घेतली. ते वादक मराठी ओळखत नाहीत, झिंगाट ओळखत नाहीत. समोरच्या कागदावर लिहिलेलं असेल ते वाजवतात. तो कागद तयार करता येणारी माणसं आपल्याकडं किती? रोज दोन स्वरलिप्यांवर प्रश्न सोडवणाऱ्या विद्यार्थ्याला तिसरी, पाच रेघांची, शिकवायला कुणी अडवलंय?

पण सगळ्यांत महाग पडतो तो कागद वेगळाच. भागातल्या एका गुणी पोरानं देवीचं गाणं लिहिलं, चाल लावली, गायलं. एका यूट्यूब चॅनेलवाल्यानं ठोक पैसे देऊन शंभराच्या स्टँपवर सही घेतली. गाणं जत्रेजत्रेत वाजलं आणि पोराला नंतर छदाम मिळाला नाही. तो मला म्हणाला, "सही केली न्हवं, आता काय बोलायचं?" बोलायला जागा आहे. 2012 ला कॉपीराइट कायदा बदलला. गीतकार आणि संगीतकारानं हक्क लिहून दिले तरी पुढच्या वापराच्या रॉयल्टीतला त्याचा समान वाटा त्याला सोडून देता येत नाही. तसा करार केला तरी तो टिकत नाही. गायक-वादकांनाही व्यावसायिक वापराच्या रॉयल्टीचा हक्क आहे. गीतकार-संगीतकारांच्या वतीनं ती गोळा करणारी आयपीआरएस 1969 पासून आहे. अर्थात हक्क कागदावर असणं वेगळं आणि पैसे हातात पडणं वेगळं. चॅनेलवाल्यानं हिशेबच दिला नाही तर भांडायला बळ लागतं. पण ज्याला हक्क आहे हेच माहीत नाही तो भांडणार तरी कसा? हे शिकवायला चार तास पुरतात. संगीताच्या एवढ्या पदव्या देताना ते चार तास कुठं सापडले नाहीत.

यावर जाणकार मंडळी मला दोन गोष्टी सुनावतात. पहिली, कला म्हणजे धंदा नव्हे. दुसरी, पदवीनं कलाकार होत नाही, त्याला गुरूच लागतो. दुसरी मला मान्य आहे. चांगल्या विद्यापीठांनाही ती मान्य आहे. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रानं 1987 पासून गुरूकडं शिकण्याची पद्धतच अभ्यासक्रमात घेतली. भारती विद्यापीठ तर आमच्याच भागातल्या पतंगराव कदमांचं, त्यांचंही पुण्यात स्कूल ऑफ परफॉर्मिंग आर्ट्स आहे. गळा तयार करायचं काम गुरूनंच करावं. पण म्हणूनच विद्यापीठानं उरलेलं करायला हवं. गुरू बिचारे बिल करायला कधी शिकवणार?

पहिल्या मुद्द्यावर मात्र मी भांडतो. धंदा न कळण्याची किंमत आमच्या तालुक्याइतकी कुणाला माहीत नसेल. पलुसकरांनी मुंबईत महाविद्यालयाची मोठी इमारत कर्जावर बांधली. कर्ज फिटेना, 1924 च्या सुमारास इमारत लिलावात गेली. त्यानंतर ते नाशिकला राहिले, रामनामात रमले आणि 1931 ला मिरजेत वारले. दुसरं उदाहरण तालुक्यातल्याच नागठाण्याचं, बालगंधर्वांचं. उंची अत्तरं, भरजरी शालू, रंगमंचावर सगळं खरंखुरं हवं हा हट्ट, आणि गंधर्व नाटक मंडळीवर कर्जाचा डोंगर. महाराष्ट्रानं डोक्यावर घेतलेली ही दोन माणसं. एक आमच्या गावाचं नाव लावणारा, एक आमच्या तालुक्यातला. सुरात दोघंही कधी चुकले नाहीत. हिशेबात बुडाले. त्यांच्या वैराग्याच्या आणि उधळेपणाच्या गोष्टी आपण कौतुकानं सांगतो, पण त्यांच्याजवळ एक चांगला व्यवस्थापक असता तर काय झालं असतं, हा प्रश्न संगीताच्या कुठल्याच प्रश्नपत्रिकेत येत नाही.

आणि ज्यांना आपण धंदेवाईक म्हणून नाक मुरडतो त्यांच्याकडून शिकण्यासारखं बरंच आहे. सांगलीजवळचं कवलापूर काळू-बाळूंचं गाव. तमाशाचा फड चालवणं म्हणजे काय असतं ते त्या परंपरेतल्या माणसाला विचारा. यात्रांच्या तारखा, सुपाऱ्या, कलाकारांची उचल, ट्रकचं भाडं, पाऊस आला तर कुणाचं नुकसान. कुठल्याही व्यवस्थापन संस्थेच्या पोरानं एक हंगाम फडाबरोबर फिरावं. बेंजो पार्टीवालेसुद्धा गणपतीच्या दहा दिवसांचं गणित असं मांडतात की ऐकत राहावं.

नव्या शैक्षणिक धोरणानं पदवीच्या काळात इंटर्नशिप आणली आहे, तिला श्रेयांकही आहेत. संगीताच्या विद्यार्थ्याला कुठं पाठवायचं हा आता महाविद्यालयांपुढं प्रश्न पडलेला दिसतो. कुठल्यातरी शाळेच्या स्नेहसंमेलनाचं प्रमाणपत्र आणून जोडतात, संपलं. अहो, किर्लोस्करवाडीला रेल्वेत बसलं की तासाभरात मिरज. तिथल्या सतारमेकरांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या सतारी आणि तानपुरे बनतात. पंढरपूर भागातून आलेले भोपळे वाळत पडलेले असतात. 2024 ला मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पेपरात फोटो आले, सत्कार झाले. पण जवारी काढायला शिकणारी नवी पोरं कोण? तानपुऱ्याच्या घोडीवर कानसपट्टी हलकेच फिरवून, तारेखाली दोरा सरकवत सूर उघडा करायचा, ते काम कानाचं आहे. पाच वर्षं कान तयार केलेल्या विद्यार्थ्याहून त्याला लायक कोण? पेटी दुरुस्त करणारा तर आमच्या भागात शोधावा लागतो आणि सापडला तर महिनाभर थांबावं लागतं. शिवाजी विद्यापीठाच्या हद्दीत मिरज आहे, कोल्हापूरचे चित्रपटवाले आहेत, तमाशाचे फड आहेत, कीर्तनकार आहेत. एवढं असताना विद्यार्थ्यानं इंटर्नशिप फाइल शिवून पूर्ण करावी, याला काय म्हणायचं!

शिक्षकाच्या नोकरीचं तेवढं एक बोलतो, कारण येणारा प्रत्येक बाप शेवटी तिथंच येतो. "मास्तरीण तर होईल न्हवं?" शिक्षण हक्क कायद्यात शंभरावर पटाच्या सहावी ते आठवीच्या शाळेला कला शिक्षणासाठी निदेशक सांगितला आहे, तोसुद्धा अंशकालीन. म्हणजे कायद्यानंच पोट भरेल असं वचन दिलेलं नाही. उलट खासगी क्लासला आमच्याकडं मागणी आहे, पण तीही दहावीपर्यंत. शास्त्रीय संगीताच्या परीक्षा दिल्या की दहावीला वाढीव गुण मिळतात, म्हणून नववीपर्यंत वर्ग भरलेले. दहावीचा अर्ज भरून झाला की पेटी माळ्यावर. क्लास चालवणाऱ्या बाई म्हणतात, पोरं सूर शिकायला येत नाहीत, गुण शिकायला येतात. मला त्यातही वाईट वाटत नाही. शंभरांतली पाच तरी थांबतात. त्या पाचांचं पुढं काय, हा मुद्दा आहे.

म्हणून प्रवेशाच्या दिवशी पोरीबरोबर जाणाऱ्या आईबापाला मी काही प्रश्न लिहून देतो. गेल्या वर्षी पास झालेल्या मुली आज काय करतात, दोघीतिघींचे फोन नंबर मिळतील का. ध्वनिमुद्रणाची खोली आहे का आणि तिचं कुलूप शेवटचं कधी उघडलं. करार, रॉयल्टी, जीएसटी हे शब्द अभ्यासक्रमात कुठं येतात ते बोट ठेवून दाखवा. इंटर्नशिपला कुठं पाठवता. वर्षात मंचावर किती वेळा उभं करता, आणि श्रोते बाहेरचे असतात की वर्गातलेच. एवढं विचारून झालं की मग, रेकॉर्डिंग कोण शिकवतं ते विचारा. तासिका तत्त्वावर एक सर येतात, असं उत्तर आलं, तर ते कुठल्या वारी येतात तेही विचारून या.